ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये सेल्फ घेत नाही, 'एन'मध्ये घेते. स्विच की गिअरबॉक्स?

बेसावाला

मंडळी, मदत हवी आहे. गाडी २००९ची पेट्रोल, चार गिअरची जुनी टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर देणारी) ऑटोमॅटिक. बाबांच्या गुडघ्यांना क्लच झेपत नाही म्हणून मागच्या वर्षी सेकंडहँड घेतली.

तक्रार अशी. 'पी'मध्ये (पार्क) चाबी फिरवली की डॅशबोर्डचे सगळे दिवे लागतात, पेट्रोल पंपाची घरघर ऐकू येते, पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरतच नाही. टक् असा आवाजसुद्धा नाही. गिअरचा दांडा खाली-वर करून परत 'पी'त आणला की कधी घेते, कधी नाही. 'एन'मध्ये (न्यूट्रल) मात्र बहुतेक वेळा घेते. दुसरं म्हणजे चालत्या गाडीत मीटरवरचा 'डी' (ड्राइव्ह) अधूनमधून गायब होतो. त्यानंतर सिग्नलवरून उठताना गाडी एकदम जड, जणू तिसऱ्या गिअरमध्ये उचलतोय. बंद करून चालू केली की परत नीट.

परवा बाबा व्हरायटी चौकात सिग्नलला गाडी बंद करून बसले आणि मग ती चालूच होईना. मागून हॉर्न, दोन पोट्टे धावत आले, "काका, धक्का देऊ का?" धक्क्याने काही झालं नाही. शेवटी 'एन'मध्ये घेतली.

एका गॅरेजमध्ये दाखवली. स्कॅनर लावला, पी ०७०५ कोड आला. म्हणे गिअरबॉक्स उतरवावा लागेल, व्हॉल्व्ह बॉडी (आतलं तेल वाटणारा भाग) आणि कॉम्प्युटर दोन्ही गेले. सांगितलेला आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त आहे. बॅटरी नवी आहे. करायचं काय?

हिंगणा_काका

पहिले त्या गॅरेजवाल्याले सांगा, थांब जरा. काहून घाई करून राहिला म्हणा.

आणि बाबांना सांगजो, ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही. गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिन फिरवते. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आतले क्लच पकडणार कशाच्या जोरावर? चाकं कितीही फिरवा, इंजिनपर्यंत काही पोचत नाही. म्हणूनच बंद ऑटोमॅटिक गाडी टोचन करून लांब नेऊ नका, आत तेल फिरत नसते. पुढच्या चाकांची ओढ असेल तर पुढची चाकं उचलून न्या.

मी एसटीच्या हिंगणा वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं, तिथे ऑटोमॅटिक नव्हत्या. पण घरी मुलाची जुनी ऑटोमॅटिक आहे, तिच्यामागे लागून सगळं शिकलो. तुमच्या लक्षणांवरून मले गिअरबॉक्स नाही वाटत.

ओहम

पी ०७०५ म्हणजे ट्रान्समिशन रेंज सेन्सरच्या, म्हणजे दांडा कुठे आहे ते कळवणाऱ्या स्विचच्या, सर्किटमध्ये बिघाड. एवढंच. गिअरबॉक्स गेला असं तो कोड कुठेही म्हणत नाही. त्याचे भाऊबंदही माहीत असू द्या: ०७०६ म्हणजे सेन्सर सांगतोय ते परिस्थितीशी जुळत नाही, ०७०७ म्हणजे सिग्नल कमी, ०७०८ म्हणजे सिग्नल जास्त. पी ०७०० दिसला तर त्याचा अर्थ फक्त 'ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, तिथे बघा'. सर्किट म्हटलं की त्यात स्विच आला, कपलर (वायरींचा जोड) आला, वायर आली आणि सर्वात शेवटी कॉम्प्युटर आला.

ही गाडी कशी चालते ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. तुम्ही दांडा हलवता तेव्हा एकाच वेळी दोन निरोप जातात. एक केबलमधून: केबल गिअरबॉक्सवरचा छोटा लिव्हर फिरवते, लिव्हर आतला शाफ्ट फिरवतो आणि शाफ्ट मॅन्युअल व्हॉल्व्ह सरकवतो. तेल कुठे जायचं हे त्याने ठरतं. हे सगळं यांत्रिक, विजेशी संबंध नाही. दुसरा निरोप विजेचा: त्याच शाफ्टवर बाहेरून एक स्विच बसवलेला असतो, तो कॉम्प्युटरला कळवतो की साहेबांनी आता 'डी' निवडला. कॉम्प्युटर त्यावरून कोणता गिअर कधी टाकायचा ते ठरवतो.

आता समजा दांडा खरोखर 'डी'त आहे, तेल 'डी'चंच चाललंय, पण स्विच मधेच मुका झाला किंवा एकाच वेळी दोन जागा सांगू लागला. कॉम्प्युटर गोंधळतो, कोड टाकतो आणि बऱ्याच गाड्यांत सुरक्षित म्हणून एकच गिअर धरून बसतो, बहुधा तिसरा. तुमची 'जड' उचल हीच असणार. बंद-चालू केल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासणी होते म्हणून ठीक वाटतं.

याच स्विचमध्ये सेल्फचं सर्किट असतं, ते फक्त 'पी' आणि 'एन'मध्ये जोडलं जातं. रिव्हर्सचा पांढरा दिवाही बऱ्याच गाड्यांत इथूनच लागतो. म्हणजे सेल्फ न फिरणं, 'डी' गायब होणं आणि जड उचल, या तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच डबीत मावतात. म्हणून आधी तीच डबी.

बेसावाला

हे पहिल्यांदाच कोणी नीट समजावलं, धन्यवाद. रिव्हर्सचा दिवा पाहिला. लागतो, पण दांडा जरा 'एन'कडे रेटला तर मिटतो. हे नॉर्मल आहे का?

ओहम

दांडा खाचेत नीट बसलेला असताना थोडं रेटून मिटत असेल तर नॉर्मल नाही. स्विच किंचित सरकलेला, किंवा आतला संपर्क झिजलेला, किंवा केबल लांबलेली. तिघांपैकी कोण ते पुढे कळेल.

तिरकी_संत्री

एक विचारते. त्रास कडक उन्हात जास्त होतो की पावसात? माझ्याकडे अशीच जुनी ऑटोमॅटिक होती, आणि सेल्फ फिरत नाही म्हटलं की प्रत्येकजण आपापला आजार सांगतो. मला एका जुन्या वायरिंगवाल्याने शिकवलेला फरक असा: मे महिन्यात ४५ डिग्रीत गाडी तासभर चालवून बंद केली आणि मग सेल्फ घेत नाही, थंड झाली की घेते, तर आधी सेल्फची मोटर आणि सोलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा भाग) बघा. उलट सकाळी दमट हवेत, पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर त्रास, आणि ऊन लागलं की सगळं ठीक, तर कुठेतरी स्विचमध्ये नाहीतर कपलरमध्ये पाणी.

बेसावाला

पावसात! उन्हाळ्यात एकदाही नाही. जूनपासून सुरू झालं. आणि गेल्या आठवड्यात धुलाई केंद्रात इंजिन धुतलं, त्यानंतर वाढलं.

हिंगणा_काका

हे बघा, निम्मं निदान इथेच झालं. इंजिनावर प्रेशरने पाणी मारू नका बाप्पा. वरून चकाचक दिसते, आत कपलर रडून राहिले असतात.

शॉर्टकट

एवढा काथ्याकूट कशाला? स्विचमधून सेल्फच्या दोन वायरी येतात, त्या एकमेकींना जोडा, टेप मारा. सेल्फ कोणत्याही गिअरमध्ये घेईल. आमच्या इकडे सगळे हेच करतात, खर्च शून्य.

तिरकी_संत्री

म्हणजे दांडा चुकून 'डी'त राहिला आणि चाबी फिरवली की इंजिन चालू होताच गाडी पुढच्या भिंतीवर. बेसावाल्यांचे बाबा गुडघ्याने त्रस्त आहेत, ब्रेक जोरात दाबला गेला नाही तर? सोसायटीच्या पार्किंगमध्ये समोर पोरं खेळत असतात. हा स्विच बसवलाय तो याच कारणासाठी.

शॉर्टकट

ब्रेक दाबून चाबी मारायची सवय असली की काही होत नाही. माझी दोन वर्षं तशीच आहे.

ओहम

सवय तुमची आहे, गाडी उद्या मुलगी चालवेल नाहीतर व्हॅले पार्किंगवाला. आणि निव्वळ तांत्रिक दृष्टीनेही हा उपाय अर्धाच. सेल्फचा संपर्क जोडला तरी कॉम्प्युटरकडे जाणारे सिग्नल तसेच तुटके राहतात. 'डी' गायब होणं आणि जड उचल कुठेही जात नाही. उलट, 'पी'त सेल्फ घेत नाही ही खूण होती, ती पुसली जाते.

व्यवस्थापक

बायपासच्या वायरींचे रंग सांगणारा एक प्रतिसाद काढला आहे. मतभेद चालतील, ती वायरिंग इथे नको.

पार्टवाला

मी घाट रोडला पार्ट्सच्या धंद्यात आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक: या भागाला प्रत्येक कंपनी वेगळं म्हणते. इन्हिबिटर स्विच, न्यूट्रल सेफ्टी स्विच, पार्क-न्यूट्रल स्विच, रेंज सेन्सर, गिअर पोझिशन स्विच. दुकानात 'न्यूट्रल स्विच' एवढंच म्हणालात तर पोऱ्या तुम्हाला मॅन्युअल गाडीचा रिव्हर्स लाइटचा स्विच देईल. म्हणून चॅसी नंबर घेऊन या आणि जुना भाग बरोबर आणा. सारखे दिसणारे स्विच असतात, पण कपलरच्या पिना कमी-जास्त. दोन: कबाडीतला जुना स्विच घेऊ नका. तो तुमच्या स्विचच्याच वयाचा आहे.

बेसावाला

समजलं. पण नवीन घ्यायच्या आधी हाच खराब आहे हे पक्कं कसं करायचं? मल्टिमीटर आहे, थोडंफार वापरता येतं.

ओहम

हात काळे होणार, कपडे जुने घाला. तुमच्या गाडीचा वायरिंगचा नकाशा मिळवा, कारण पिना प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या.

सपाट जागेवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकामागे वीट ठेवा. आधी काहीही न उघडता: इग्निशन चालू, इंजिन बंद, ब्रेक दाबून दांडा 'पी'पासून खालपर्यंत अगदी सावकाश न्या आणि मीटरवरचं अक्षर पाहत राहा. प्रत्येक जागी दांडा थोडा पुढे-मागे डुगडुगवा. अक्षर मिटत असेल ती जागा लिहून ठेवा. स्कॅनर असेल तर त्यात रेंज काय दिसते तेही पाहा, मात्र स्वस्त ब्लूटूथवाले ईएलएम ३२७ डोंगल आणि फुकटची ॲप्स हा आकडा बहुतेक गाड्यांत दाखवत नाहीत. त्यासाठी कंपनीचे खास कोड ओळखणारा स्कॅनर लागतो.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून स्विचचा कपलर सोडवा. आत हिरवट थर, पाणी, वाकलेली पिन, तेल यांपैकी काय दिसतं ते बघा. हिरवं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. डब्ल्यूडी-४० हे कॉन्टॅक्ट क्लीनर नव्हे, निदान त्याचा नेहमीचा निळा डबा नव्हे.

आता स्विचच्या बाजूच्या पिनांवर मीटर. सेल्फच्या दोन पिना 'पी' आणि 'एन'मध्ये जोडलेल्या दिसल्या पाहिजेत, बाकी कुठेही नाही. रिव्हर्सच्या दोन पिना फक्त 'आर'मध्ये.

इथे एक फसवणूक आहे, त्यात चांगले चांगले इलेक्ट्रिशियन अडकतात. मीटर रेझिस्टन्स मोजताना जवळजवळ शून्य करंट सोडतं. संपर्काचा केसाएवढा भाग जरी टेकलेला असला तरी बीप वाजतो आणि स्विच पास होतो. खऱ्या भाराला तोच संपर्क दगा देतो. म्हणून बीप वाजला तरी खूश होऊ नका. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज लावून वायर, ती सेल्फच्या एका पिनेत, दुसऱ्या पिनेतून बल्बला आणि बल्बाचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. साधारण पावणेदोन ॲम्पिअर जाईल. बल्ब झगझगीत लागला तर संपर्क चांगला, मंद किंवा फडफडत लागला तर गेला. हा प्रयोग कपलर सुटलेला असताना आणि फक्त सेल्फच्या दोन पिनांवर. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरींना बल्ब लावलात तर उद्या खरोखरच कॉम्प्युटर घ्यावा लागेल.

हिंगणा_काका

ओहम साहेबांनी विजेचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. स्विचवर खापर फोडायच्या आधी केबल पाहजो. एकाला दांड्याजवळ बसवा, तुम्ही बोनेट उघडून गिअरबॉक्सवरचा लिव्हर बघा. दांडा 'पी'त गेला की खालचा लिव्हरही शेवटच्या खाचेत टक्कन बसला पाहिजे. केबलच्या टोकाला प्लॅस्टिकचा बुश असते, आपल्या उन्हाने तो कडक होऊन फुटते. मग वर 'पी' आणि खाली पाऊण 'पी'. अशा वेळी नवीन स्विच टाकला तरी रोग तसाच.

अजून एक, तेलाची कांडी काढून ऑटोमॅटिकचं तेल बघा. मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल त्या पद्धतीने, कुठे इंजिन चालू ठेवून बघतात, कुठे बंद करून. लाल किंवा लालसर तपकिरी असेल तर बरं. दुधाळ गुलाबी असेल तर आत पाणी गेलं, मग तो गॅरेजवाला तितका खोटा नाही.

बेसावाला

रविवारी केलं. भाचा दांड्यावर, मी बोनेटमध्ये.

तेल लालसर तपकिरी, दूध नाही. केबलचा बुश शाबूत, खालचा लिव्हर नीट खाचेत बसतो. म्हणजे लोखंडाकडून सगळं ठीक.

मीटरवरचं अक्षर 'पी'त डुगडुगवलं की मिटतं, 'डी'तही. 'एन' पक्कं. कपलरच्या आत दोन पिनांवर हिरवा थर होता, साफ केला. त्यानंतर मल्टिमीटरवर 'पी'त बीप आला! मी म्हटलं झालं, सुटलो. पण बल्ब लावला तर 'एन'मध्ये झगझगीत आणि 'पी'त निखाऱ्यासारखा मंद. स्विचवर पेचकसाच्या मुठीने हलकं ठोकलं की फडफडतो.

ओहम, बल्बाचा प्रयोग सांगितला नसता तर मी बीप ऐकून सगळं बंद करून टाकलं असतं.

तिरकी_संत्री

हिरवा थर एवढा? एक नकोसा प्रश्न. गाडी आधी नागपुरात कुठे होती? २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगरकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. माझी पण उभी होती, पाणी हेडलाइटपर्यंत. त्यातल्या काही पुसून-धुऊन विकल्या गेल्या.

तपासायचं असेल तर सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा आणि आतल्या भागावर चिखलाची रेघ आहे का पाहा. धुणारे कारपेट धुतात, बेल्टचं शेवटचं टोक कोणी धुत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळांच्या स्क्रूवर गंज आहे का तेही.

बेसावाला

मागच्या सीटबेल्टवर मातकट रेघ आहे. सरळ, आडवी. विकणाऱ्याने 'सोसायटीच्या शेडमध्ये उभी असायची' असं सांगितलं होतं. शेड होतं, पण कुठल्या भागात ते मी विचारलं नव्हतं.

पुणेकर_नागपुरात

इन्शुरन्समधून काही?

हिंगणा_काका

आता काय मिळणार. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बसते, पण तेव्हा गाडी दुसऱ्याच्या नावावर, क्लेम त्याने केला असेल नसेल. थर्ड पार्टीवाल्याले तर काहीच नाही. आणि गंजलेला स्विच आज दाखवून 'पुराने गेला' म्हणाल तर सर्व्हेअर 'झीज' लिहून मोकळा.

ओहम

पुराची गाडी असेल तर आतल्या ब्लोअरखालचे आणि सीटखालचे कपलरही सवडीने उघडून बघा. पिवळ्या आवरणातले कपलर एअरबॅगचे, त्यांना हात लावू नका. आधी स्विच. उघडता येतो का तुमचा?

बेसावाला

झाकणाला प्लॅस्टिकचे रिव्हेट आहेत. मनीषनगरच्या एका वायरिंगवाल्याने ब्लेडने अलगद उघडला. आत वाळलेली बारीक माती आणि तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवं-काळं. 'पी'ची पट्टी एका जागी खाल्ल्यासारखी. तेल नाही. त्याने क्लीनर मारून, बारीक घासून, परत चिकटवून दिला. सध्या सगळं चालतंय.

पार्टवाला

चालेल, पण किती दिवस ते पट्टीलाच माहीत. चिकटवलेल्या झाकणातून पुढच्या पावसात पाणी आत जाणारच. आत ग्रीस कोणतं भरलं? पिवळं चेसिस ग्रीस असेल तर ते उन्हात वितळून पट्ट्यांवर पसरेल. कॉन्टॅक्टसाठी वेगळं ग्रीस मिळतं, तेही बोटभर नाही, पुसट. नवीन स्विच मागवून ठेवा.

तिरकी_संत्री

सहमत. बाबांना नागपूर-वर्धा रोडवर, त्या दोन मजली पुलावर, गाडी अडकलेली परवडणार नाही. तिथे बाजूला घ्यायलाही जागा नाही.

बेसावाला

मागवला. चॅसी नंबरवरून जुळवला, पिना मोजून घेतल्या. आता बसवताना काय सांभाळायचं?

ओहम

मुख्य मुद्दा: स्विच नुसता बसवून भागत नाही, 'एन'मध्ये जुळवावा लागतो. त्याचे बोल्ट लांबट खाचांत असतात, त्यामुळे तो थोडा फिरतो. काही अंशांचा फरक पडला तरी 'एन'मध्ये रिव्हर्सचा दिवा किंवा 'पी'त मुकेपणा.

जुळवायची खूण कंपनीप्रमाणे बदलते. ह्युंदाई आणि मित्सुबिशीच्या बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सवर लिव्हरच्या टोकाला आणि स्विचच्या अंगावर भोक असतं, 'एन'मध्ये दोन्ही भोकं समोरासमोर आणून ५ मिमीची दांडी आरपार घालायची. टोयोटाच्या जुन्या गाड्यांत स्विचवरची न्यूट्रलची रेघ शाफ्टच्या खाचेशी जुळवतात. होंडाच्या काही मॉडेलमध्ये फिरत्या चकतीच्या आणि स्विचच्या खाचांत २ मिमीची फीलर गेजची (फट मोजायची) पट्टी अडकवून ठेवतात. तुमच्यात कोणती ते मॅन्युअलमध्ये बघा. डोळ्याने जुळवू देऊ नका.

बोल्ट छोटे आहेत, गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियम मऊ आहे. लांब पाना लावून जोर केला की आटे गेले.

हिंगणा_काका

आणि लिव्हरचा नट सोडताना लिव्हर दुसऱ्या हाताने पक्का धरजो. नाहीतर सगळा जोर आतल्या शाफ्टवर जाते, खाचेची पत्ती वाकते, मग खरोखर गिअरबॉक्स उघडणे आले. शाफ्टभोवती ओल दिसली तर तिथलं ऑइल सील त्याच वेळी बदलून टाका, छोटी वस्तू आहे. नाहीतर तेल नव्या स्विचमध्ये झिरपते.

बेसावाला

बसवला. सील कोरडं होतं, हात लावला नाही.

वायरिंगवाल्याने पहिल्यांदा डोळ्यानेच जुळवला, 'किती गाड्या केल्या' म्हणाला. 'एन'मध्ये टाकली तर मागे पांढरा दिवा. मी मोबाइलवर ओहमचा प्रतिसाद दाखवला. भोकवालीच निघाली. ५ मिमीचा ड्रिल बिट घातला, बोल्ट सैल करून फिरवला, बिट मोकळा सरकू लागल्यावर आवळला. आता सेल्फ फक्त 'पी' आणि 'एन'मध्ये. ब्रेक दाबून बाकी सगळ्या जागांवर चाबी मारून पाहिली, कुठेही घेत नाही. रिव्हर्सचा दिवा फक्त 'आर'मध्ये.

कोड काढून टाकला. बेसा, मानेवाडा, मग रिंग रोडने हिंगणा टी पॉइंटपर्यंत जाऊन आलो. खड्ड्यांतसुद्धा 'डी' जागेवर. बॅटरी काढल्यामुळे पहिल्या काही किलोमीटरमध्ये गिअर थोडे झटक्याने पडले, मग सुरळीत.

ओहम

बॅटरी बराच वेळ काढली की काही गाड्यांत शिकलेली मूल्यं पुसली जातात, ती चालवता चालवता पुन्हा बसतात. दोन-चार पावसांनंतर कोड परत तपासा. नसेल तर विषय मिटला.

शॉर्टकट

शेवटी खर्च किती झाला ते लिहा की. गॅरेजच्या आकड्याशी तुलना करतो.

बेसावाला

स्विच आणि मजुरी मिळून पाच आकड्यांच्या आतच राहिलं. गॅरेजचा आकडा सहा अंकी होता.

शॉर्टकट

माझीपण वायर काढून बघतो मग. पावसाळा संपू द्या.

कामठीरोड

धागा वाचला, माझा प्रश्न जवळचाच आहे. माझी २०११ची ऑटोमॅटिक चालू होते मस्त, पण दांडा 'पी'मधून बाहेरच येत नाही. ब्रेक दाबला तरी अडकलेला. हाच स्विच का?

हिंगणा_काका

नाही. कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा, मागचे ब्रेक लाइट लागतात का?

कामठीरोड

एकही नाही.

हिंगणा_काका

मग ब्रेक लाइटचा फ्यूज पाहजो, नाहीतर पेडलवरचा छोटा स्विच. ब्रेक दाबल्याचा निरोप तिथूनच जाते, तो नाही गेला तर 'पी'चं कुलूप सुटत नाही. दांड्याच्या बाजूला छोटं झाकण असेल, ते काढून आत चाबी दाबली की तेवढ्यापुरता दांडा सुटते. हँडब्रेक ओढून करजो. पण ब्रेक लाइट नसताना रस्त्यावर नेऊ नका.

ओहम

फ्यूज बदलल्यावर लगेच परत उडाला तर मोठ्या नंबराचा टाकू नका. मागच्या दिव्यांचे होल्डर उघडून वितळलेली वायर शोधा. आणि यासाठी नवा धागा काढा, इथे कोणाला सापडणार नाही.